हुकूम कोणाचा ऐकावा

सासऱ्यांच्या डाव्या गुडघ्यापासून हातभरावर नाग होता आणि मला त्यांच्याशी बोलायची मुभा नव्हती. आमच्या मलकापुराकडे तेव्हा सून सासऱ्याशी बोलत नसे. पुस्तक वाचून दाखवणं म्हणजे मात्र बोलणं नव्हे, असा निवाडा सासूबाईंनी दिला होता. सासऱ्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू, आणि घरात चौथी शिकलेली बाई मी एकटीच.

सासरे तहसील कचेरीतली नोकरी संपवून घरी बसलेले. दुपारी ते ओसरीत कापसाच्या ढिगाला टेकायचे आणि मी दाराआडून, पदर पुढे ओढून वाचायची. पुस्तक कोणा जुन्या परदेशी पंडिताचं, मराठीत आणलेलं. माणूस मुळात चांगला असतो की भीतीनं चांगला वागतो, राजाचा हुकूम कुठवर पाळावा, असलं त्यात होतं. मला त्यातलं निम्मं कळत नसे. सासऱ्यांना सगळं कळे, असं ते म्हणत.

नाग त्या ढिगातूनच निघाला. मी ओरडले असते तर सासऱ्यांनी दचकून हात तिकडेच टेकला असता. म्हणून मी वाचायच्या सुरातच म्हणाले, "शहाण्या पुरुषाने आता उजवीकडे सरकून हळूच उठावे."

"काऊन?" सासरे म्हणाले. पुस्तकाशी ते असेच भांडत.

"कारण, डावीकडे नाग आहे."

"हे कारण झालं. पन हुकूम देनारा कोन? त्याले अधिकार कोनं देला? मांगचं पान वाच पुन्हा."

नागानं फणा काढला. मी वाचणं सोडून मागे वळून पाहिलं. आत तूर पाखडणाऱ्या सासूबाईंचं सूप थांबलं. त्या दारात आल्या आणि माझ्या डोक्यावरून त्यांनी पाहिलं.

"उठा. उजव्या अंगानं. हात हालवू नका."

सासरे उठले. कारण विचारलं नाही, अधिकार तर नाहीच. सासूबाईंच्या पाठीमागे येऊन उभे राहिल्यावर मग म्हणाले, "काय झालं वं?"

"काही नाही. तुमच्या पंडितानं सांगतलं तेच मी सांगतलं. त्याचं काऊन नाही ऐकलं?"

नाग तोवर ओसरी उतरून कुंपणात गेला. मारायला घरात गडीमाणूस नव्हता.

सासरे त्यानंतर पुष्कळ वर्षं जगले. सासूबाई त्यांच्याहून जास्त. मी अजून आहे.