अप्पांनी फायनल हळ्ळीखेडला दिली

पुण्या-हैदराबादला गेलेल्या माझ्या गाववाल्यांनो, आज सकाळचं तुम्हाला सांगितल्याशिवाय मला राहवत न्हाई.

आपलं राजेश्वर गाव आणि शेजारचं हळ्ळीखेड मिळून तीन राज्यांची फुटबॉल स्पर्धा मागायलोत, हे ठाऊक आहेच. सामने दोन्हीकडं होतील, पण फायनल कुठं, यावर गाडं अडलं होतं. शेवटी ठरलं, आपले विठोबा अप्पा म्हणतील तिथं. नाव हळ्ळीखेडवाल्यांनीच सुचवलं, याचं मला नवल वाटलं.

मी मनातून खूश होतो. आपलं मैदान अप्पांनीच वीस वर्षं दगड वेचून, रूळ ओढून केलंय. ते दुसरीकडं बोट दाखवतील कसे?

अप्पांनी आधी हळ्ळीखेडला गोलसमोर घागरभर पाणी ओतलं आणि बिडी पेटवून बसले. बिडी संपायच्या आत पाणी मुरमात जिरलं. मग आपल्याकडं येऊन तसंच केलं. बिडी संपली, तरी आपल्या काळ्या मातीत पाणी उभंच.

"फायनल त्यांच्याकडं," अप्पा म्हणाले.

"अप्पा, स्वतःचं मैदान कामून सोडायलाव?" मी चिडूनच विचारलं.

"स्पर्धा पावसाळ्यात हाय. चिखलात कुणाचा पाय मोडला तर काय सांगू त्याला? मैदान मी केलंय म्हणून?"

 हळ्ळीखेडवाले त्यांच्यावर का विसंबले, ते तेव्हा कळलं.

आपल्या हातच्या कामातली खोट चारचौघांत अशी सांगणं तुम्हाला जमलं असतं का? खरं सांगा. मला न्हाई जमणार.

आणि जाताना अप्पांनी काय केलं? वाकून आपल्याच मैदानातला एक खडा उचलला आणि बाहेर टाकला.