सुमनताईंचा ‘मी’

सुमनताई पेशंटच्या खोलीत शिरल्या की आधी गाव विचारत, आजार नंतर. डॉक्टर घड्याळाकडे बघत उभे, नर्स कॉम्प्युटरवर बोटं ठेवून तयार, आणि या बाई खुर्ची ओढून पेशंटच्या अगदी समोर बसून स्पॅनिशमध्ये विचारणार, "तुम्ही मूळचे कुठले? आई कुठल्या गावची?" डॉक्टर वैतागले की त्यांना इंग्रजीत सांगायच्या, "दोन मिनिटं द्या. यांचं स्पॅनिश कुठलं आहे ते मला बघू दे." पुण्याची एखादी बाई नव्या शेजारणीचं माहेर-सासर जिन्यातच काढून घेते ना, अगदी तसं. मी नागपूरची, त्यामुळे हे म्हणायचा मला हक्क आहे.

शिकागोतल्या एका मोठ्या हॉस्पिटलात आम्ही दोघी दुभाषी होतो. म्हणजे ताई होत्या, आणि मी त्यांच्या हाताखाली शिकत होते. डॉक्टरला इंग्रजी येतं, पेशंटला स्पॅनिश, मध्ये बसून इकडचं तिकडे करायचं. मी नागपुरात स्पॅनिशच्या परीक्षा देऊन, शुद्ध माद्रिदी उच्चार घोटून आले होते आणि स्वतःवर भलतीच खूश होते. पहिल्याच दिवशी एका मेक्सिकन आजोबांनी माझं बोलणं नीट ऐकून घेतलं आणि ताईंना विचारलं, "या बाई टीव्हीवर बातम्या देतात का?" ताई हसल्या नाहीत. बाहेर आल्यावर मात्र भिंतीला टेकून पोट धरून हसल्या. मग म्हणाल्या, "अगं, माझंही हेच झालं होतं. स्पॅनिश म्हणून एक काही नसतंच. पोर्तो रिकोची माणसं शब्दाच्या शेवटचा ‘स’ गिळून टाकतात. ती ‘ग्वाग्वा’ म्हणाली तर बस आली असं समजायचं, आणि एक्वादोरच्या डोंगरातली बाई म्हणाली तर तिचं लेकरू रडतंय. गाव विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही."

त्यांना हे शिकवलं रोसाने. ताई आणि अरुणराव यांच्या वरच्या मजल्यावर ती राहायची. एक्वादोरच्या डोंगरातली, घरची भाषा किचुआ, आणि स्पॅनिश त्या भाषेच्या वळणाने बोलायची. थंडी वाजली की ‘अचाचाय’ म्हणायची, आणि तो शब्द किचुआतून आलेला. पुढेपुढे ताईही शिकागोच्या जानेवारीत दार उघडलं की ‘अचाचाय’ करू लागल्या. रोसा ‘दार लाव’ म्हणत नसे, ‘दार लावून दे’ म्हणायची. ताईंना याचं केवढं अप्रूप. "बघ ना, आपल्यासारखंच लाडीगोडीनं. स्पेनमधल्या माणसाला हे सांगितलं तर डोकं धरून बसेल." ताईंना मूलबाळ नव्हतं. दोघी बायका वर्षानुवर्षं एकमेकींच्या स्वयंपाकघरात बसून बोलल्या. रोसा पुढे लेकीकडे राहायला गेली आणि तिकडेच वारली. त्या दिवशी ताईंनी सुट्टी घेतली नाही, पण दिवसभर गावं मात्र कोणाला विचारली नाहीत.

अरुणरावांना स्पॅनिशचा गंध नव्हता. निवृत्त इंजिनियर, गोड माणूस, आणि आळशी. "घरात एक जण शिकलाय ना, दोघांनी कशाला शिकायचं?" म्हणायचे. डेव्हन ॲव्हेन्यूवर भाजीला गेले की गाडी लावायला जागा मिळेपर्यंत दोघं मराठीत कडाकडा भांडत आणि मागच्या सीटवर बसून मी शेंगदाणे खात ऐकत असे.

आता त्यांच्या कामाची रीत सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. दुभाष्याने ‘ती म्हणते की तिला दुखतंय’ असं म्हणायचं नसतं. ‘मला दुखतंय’ असं म्हणायचं. पेशंट ‘मी’ म्हणाला की आपणही ‘मी’. सगळ्यांनाच हे शिकवतात, पण ताईंइतकं कोणी पाळलेलं मी पाहिलं नाही. "आपण पाण्याचा पाइप आहोत, वैशाली. पाइपने चव द्यायची नाही." पेशंट अडखळला तर आपणही अडखळायचं. "त्याच्या वाक्याला इस्त्री करायची नाही," म्हणायच्या. स्वतःला काही सांगायचंच असेल तर आधी ‘हे दुभाषी बोलतेय’ असं बजावून मग सांगायचं. आणि डॉक्टर आमच्याकडे बघून बोलायला लागला की ताई बोटाने पेशंट दाखवत. त्यांच्याकडे बघा, माझ्याकडे काय आहे?

एकदा ग्वातेमालाची एक कोवळी आई आली होती. डॉक्टर ऑपरेशनचं समजावत होते आणि ती प्रत्येक वाक्याला ‘सी, सी’ म्हणत होती. डॉक्टर खूश. ताई मध्येच थांबल्या. "हे दुभाषी बोलतेय," त्या म्हणाल्या. "हिला माझं स्पॅनिश कळत नाहीये. हिची भाषा माम आहे. हो म्हणतेय ती भीतीने." डॉक्टर म्हणाले, चालेल, उशीर होतोय. ताईंनी पर्स मांडीवर घेतली आणि माम बोलणारा माणूस फोनवर मिळेपर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत. मला तेव्हा वाटलं, काय बाप्पा हट्टी बाई आहे. त्या मुलीला तिच्या भाषेत पहिलं वाक्य ऐकू आलं तेव्हा ती जी रडायला लागली, ते पाहून ‘हट्टी’ हा शब्द मी मनातल्या मनात परत घेतला.

गेल्या वर्षी ताईंच्या मेंदूत रक्ताची गुठळी अडकली. आमच्याच हॉस्पिटलात आणलं. शुद्धीवर आल्या तेव्हा उजवी बाजू गेली होती, गिळता येत नव्हतं, आणि मराठी गेलं होतं. इंग्रजीही गेलं होतं. उरलं होतं ते तुटकमुटक स्पॅनिश. अनेक भाषा येणाऱ्यांचं असं क्वचित होतं म्हणे. एक जाते, एक राहते, आणि कोणती राहील हे कोणाला सांगता येत नाही. अरुणराव मराठीत हाक मारत आणि ताई त्यांच्याकडे प्रेमाने, पण काही न कळून बघत. "माझ्याशी जन्मभर ज्या भाषेत भांडली ती गेली," ते मला कॉरिडॉरमध्ये म्हणाले, "आणि नोकरीची राहिली. असं कसं हो?" देवाने हे असं का केलं, याचा मला आजही संताप येतो.

नाकातून घातलेली अन्नाची नळी ताई डाव्या हाताने ओढून काढत. डॉक्टरांना पोटात नळी बसवून त्यांना नर्सिंग होममध्ये हलवायचं होतं. अरुणरावांना तेच हवं होतं, जे करता येईल ते सगळं करा. ताईंना काय हवंय हे विचारायला स्क्रीनवर एक दुभाषी मुलगी आणली. तिने दोनतीनदा ऐकलं आणि अदबीने विचारलं, या कुठल्या देशाच्या? भारताच्या, नर्स म्हणाली. मुलगी गोंधळली. तिने प्रामाणिकपणे सांगितलं, मला खात्रीने कळत नाहीये, यांना ओळखणारं कोणी आणा. तिचा काही दोष नव्हता. मेक्सिकोच्या आजोबांचे शब्द, पोर्तो रिकोचा गिळलेला ‘स’, रोसाचं डोंगरातलं वळण, सगळं एकत्र झालं होतं. तसं स्पॅनिश कुठल्याच देशात बोलत नाहीत. पण ताई काय म्हणतात हे कळलं नाही, तर त्यांच्या वतीने निर्णय अरुणरावांनी घ्यायचा, आणि नळी बसणार.

ओळखीच्या माणसाचं काम आम्ही घेत नाही. आमच्या विभागाच्या साहेबांनी तरी मलाच विचारलं. मी गेले.

खोलीत डॉक्टर होते आणि अरुणराव. मी ताईंच्या उशाशी बसले आणि अरुणरावांना म्हटलं, "माझ्याकडे बघू नका. ताईंकडे बघून बोला. मी फक्त आवाज." ताईंनी माझ्याकडे पाहिलं आणि पापण्या मिटून उघडल्या. मग त्या बोलल्या, आणि मी मराठीत म्हटलं, "अरुण."

जन्मात मी त्यांना अरुणराव सोडून दुसरी हाक मारली नव्हती. ते दचकून माझ्याकडे वळले. मी बोटाने ताईंना दाखवलं.

"अरुण. नळी... नको. ही नको. पोटात... ती पण नको."

"अगं, डॉक्टर म्हणतात सहा महिन्यांत सुधारशील," अरुणराव म्हणाले. "थोडी कळ काढ ना." मी ते स्पॅनिशमध्ये, त्यांचा ‘मी’ घेऊन, ताईंना सांगितलं.

"असं... मी किती जणांना... सांगितलंय," माझ्या तोंडून ताई म्हणाल्या. "सहा महिने. पुढे काय होतं... मी बघितलंय."

"मला तुझ्याशिवाय नाही जमणार सुमन. मला साधी वरणाला फोडणी देता येत नाही."

फोडणीला मेक्सिकोपासून खाली चिलीपर्यंत शब्द नाही. मी मराठी शब्दच तसाच ठेवला. ताईंनी तो ऐकला आणि ओठांच्या एकाच बाजूने हसल्या. म्हणाल्या, "शिकशील." मग बराच वेळ शब्द शोधत राहिल्या. मीही तेवढाच वेळ गप्प राहिले. "घरी ने. तू... रागावू नकोस. मला घरी."

डॉक्टरांनी विचारलं, नळी नसेल तर काय होईल हे यांना कळतंय का? मी विचारलं. उत्तर आलं. ते मी आधी इंग्रजीत दिलं आणि मग अरुणरावांसाठी मराठीत. "मी मरणार आहे, अरुण. मला कळतंय." माझा आवाज कापला नाही. ताईंनीच तसा तयार केला होता तो, आणि त्या क्षणी मला त्याचा तिटकारा आला.

अरुणरावांनी ताईंचा पाय पांघरुणावरून धरला. मग म्हणाले, "बरं." ते ‘बरं’ मी ताईंना सांगितलं.

घरी भाड्याचा पलंग आणून खिडकीपाशी लावला. मी कामावरून रोज तिकडे जाई आणि उशाशी बसे. अरुणराव आता पक्के शिकले होते. छोटं वाक्य बोलायचं, थांबायचं, नजर ताईंवर. माझ्याकडे ते चुकूनही बघत नसत. "अरुण, तो पडदा सरकव, किती वेळा सांगायचं," असं मी त्यांच्यावर ओरडले की ताईंना म्हणत, "सरकवतो ना, ओरडतेस कशाला?" भांडण झालं की दोघांचे चेहरे जरा खुलत. एका दुपारी ताई झोपेतच गेल्या. मी तेव्हा दुसऱ्या कोणासाठी तरी ‘मला चक्कर येते’ असं म्हणत वॉर्डात बसले होते.

काही आठवड्यांनी मी उसळ घेऊन त्यांच्याकडे गेले. पलंग परत गेला होता. अरुणरावांनी चहा केला, कप हातात दिला, आणि आम्ही खिडकीपाशी आपापल्या सवयीच्या जागी बसलो. मध्ये रिकामी जमीन होती. ते तिकडे बघत होते.

"सुमन," ते म्हणाले. "डॉक्टर सहा महिने म्हणत होते. मी घाई तर नाही ना केली?"

आणि थांबले. वाट बघत राहिले, माझ्याकडे न बघता.

ताई काय म्हणाल्या असत्या हे मला माहीत होतं. शब्दसुद्धा माहीत होते. ते माझ्या जिभेवर आले होते. पण ते ताईंनी म्हटलेले नव्हते.

"अरुणराव," मी म्हटलं. "हे मी बोलतेय. वैशाली."

ते अजून थोडा वेळ तिकडेच बघत राहिले. मग त्यांनी सावकाश मान वळवली आणि हॉस्पिटलातल्या त्या दिवसानंतर पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"म्हणजे गेली ना हो ती," ते म्हणाले.