पाटीतला खाल्लेला य

आमच्या डोंबिवलीतल्या बागेचं सुशोभीकरण झालं आणि घरात बाबा रुसून बसले.

सुशोभीकरण म्हणजे आधी पत्रे ठोकायचे, मग सगळं खणून ठेवायचं. ते पत्रे वर्षभर राहिले. बाबांचा आणि त्यांच्या मित्रांचा कट्टा आतच अडकला. त्याच वर्षी आई गेली. म्हणजे दिवसभर बाबांशी बोलायला ना घरात कोणी, ना बाहेर. मी ऑफिसातून आले की विचारायचे, "पत्रे काढले का गं?"

निघाले एकदाचे! सरकारी निधी खरोखर कामी आला होता, उगाच नावं कशाला ठेवू? कारंजं, दिवे, पाठ टेकायला बाक, सगळं झकास. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून गेले आणि पाच मिनिटांत परत!

"'जेष्ठ नागरिक कट्टा' लिहिलंय. जेष्ठ! य खाल्लाय मेल्यांनी. जन्मभर शाळेत मराठी शिकवलं, आता त्या पाटीखाली बसू मी?"

"अहो बाबा, बसायचं बाकावर आहे, पाटीवर नाही."

ऐकतील तर शपथ! अर्ज दिला, मग स्मरणपत्र दिलं. शेवटी पाटी बदलली. 'जेष्ठ' तसाच राहिला आणि 'नागरिक'चा 'नागरीक' झाला.

मी पोट धरून हसले, पण मनातून घाबरलेच होते. बाबांनी घराबाहेर पाऊल टाकणंच सोडलं. दिवसभर टीव्ही नुसता चालू. हा माणूस असाच खुर्चीत संपणार, असं वाटायला लागलं.

एका रविवारी सकाळी त्यांचे कट्ट्यावरचे एक मित्र दारात उभे. रेल्वेतून निवृत्त झालेले काका. बोटांना लाल ऑइलपेंट.

"मास्तर, वही तपासायला चला."

मीही मागोमाग गेले. पाटीवर दोन्ही चुकांवर लाल काट मारून वर शुद्ध शब्द लिहिले होते, बाबा मुलांच्या वहीत लिहायचे तसे. फक्त अक्षरं पार नागमोडी. काकांचे हात थरथरतात, चहाचा कपसुद्धा दोन हातांनी धरावा लागतो. बाकावर चढले कसे, देव जाणे.

बाबा चष्मा वर करून बघत राहिले.

"अक्षराचे मार्क कापणार," म्हणाले. मग चष्मा काढून पुसला. "पण शुद्ध आहे."

बाकावर सगळे दाटीवाटीने बसलेले. मधल्या जागेवर एक कापडी पिशवी होती. काकांनी ती उचलली.

"रोज ठेवतो," ते म्हणाले. "नाहीतर कोणीतरी बसतं तुमच्या जागेवर."