अनेरी नावाच्या मुली

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला तर नाहीच. देवापुढे बसल्यावर कधी मनात आलं, तर मी घाईघाईनं आरती म्हणायला लागायची. तुम्ही मला ओळखत नाही, माझं तोंड तुम्ही पाहिलेलं नाही — म्हणून तुम्हाला सांगते आहे. मध्ये थांबले तर समजून घ्या.

नावापासून सुरुवात करते. नाव सांगायला सोपं आहे.

पंच्याऐंशी-नव्वदच्या सुमाराला जळगावात जन्मलेल्या कुणालाही विचारा, तुमच्या वर्गात अनेरी होती का? बरेच जण हो म्हणतील. अनेरी पाटील, अनेरी चौधरी, अनेरी सोनार. एका बालवाडीत तर तिघी एकाच रांगेत बसायच्या, आणि बाई त्यांना रिबिनीच्या रंगावरून हाक मारायच्या — लाल अनेरी, पिवळी अनेरी. एका रिक्षाच्या मागे मी ते नाव रंगवलेलं पाहिलं, एका केळीच्या ट्रकवरही. हे नाव आलं कुठून असं कुणी विचारलं, तर लोक सांगायचे, "दवाखान्यातल्या सिस्टरनं काढलं."

ती सिस्टर मी.

मी म्हणायची, गुजराती नाव आहे, अनेरी म्हणजे सगळ्यांहून निराळी. अर्थ खरा होता. पण नाव मी गुजरातीतून काढलं नव्हतं. मी काढलंच नव्हतं.

त्र्याऐंशी साल असेल. मी एका खाजगी प्रसूतिगृहात नर्स होते. चोपड्याकडून एक मुलगी बाळंतपणाला आली. तिचं खरं नाव सांगत नाही, शेवंता म्हणू. एकोणीस-वीस वर्षांची, लग्न न झालेली, सोबत फक्त मावशी. मावशीनं पहिल्याच दिवशी मला कोपऱ्यात घेऊन सांगितलं, मूल घरी येणार नाही, तुम्हीच काहीतरी बघा. आणि इकडे माझी मोठी बहीण, अक्का — लग्नाला अकरा वर्षं झालेली, दोन मुलं पोटातच गेलेली, तिसऱ्यांदा डॉक्टरांनी नको म्हणून सांगितलेलं. माझ्या डोक्यात काय आलं असेल, ते वेगळं सांगायला हवं का?

कागदावर आईच्या जागी अक्काचं नाव मीच लिहिलं. डॉक्टरबाईंनी माझ्यावर विश्वास ठेवून सही केली. तो गुन्हा होता, मला माहीत होतं. पण निदान तेव्हा कुणाचं काही हिसकावलं नव्हतं. मला सांगायचंय ते त्यानंतरचं आहे.

निघताना शेवंतानं बाळ माझ्या हातात दिलं. रडली नाही. म्हणाली, "ताई, येक सांगस. तिनं नाव अनेरी ठेवज्यात. आम्हना गावनी नदी शे — अनेर." एवढंच तिचं मागणं.

मी ते पुरं केलं. अक्काच्या मांडीवर बाळ ठेवताना नाव सांगितलं. ते कुणी सुचवलं, हे मात्र सांगितलं नाही. अक्काला नाव इतकं आवडलं की तिनं दुसरं ऐकूनच घेतलं नाही. बारशाला दाजींच्या बहिणीनं आत्या म्हणून बाळाच्या कानात तेच सांगितलं. शब्द पाळला म्हणून मी त्या दिवशी पोटभर जेवले.

वर्षभरानं शेवंता आली. तिचं धुळ्याला लग्न झालं होतं, हातभर हिरव्या बांगड्या होत्या. बाळ दाखवा म्हणाली नाही. दाराशी उभी राहून फक्त विचारलं, "ते नाव ठेवं का, ताई?"

मी हो म्हणाले. का म्हणाले? तिला बरं वाटावं म्हणून? की माझं मलाच कौतुक होतं? तिचा चेहरा असा उजळला की मी बघतच राहिले. मग तिनं हळूच विचारलं, "जळगावमाच शे ना?" मी मान हलवली. मान हलवतानाच माझ्या लक्षात आलं, मी काय करून बसले.

सगळ्या जळगावात तेव्हा त्या नावाची एकच मुलगी होती. कुणाही अंगणवाडीत जाऊन नुसतं नाव विचारलं असतं, तर बोट थेट अक्काच्या दारावर गेलं असतं.

मी अक्काकडे गेले आणि म्हटलं, नाव बदल. कारण सांगता येईना. म्हणाले, पत्रिकेला जुळत नाही. अक्का हसली. "वेडी का तू? नुसतं अने म्हटलं तरी पोरगी वळून बघते. आता तिला काय दुसऱ्याच नावानं हाक मारू?"

मग मी ते केलं.

असोद्याच्या एका केळीवाल्या घरची सून आमच्याकडे बाळंत झाली होती. म्हणाली, "सिस्टर, एखादं नवं नाव सांगा ना, गावात कुणाचंच नसलेलं." मी अनेरी म्हणाले. सहज तोंडातून गेलं, असं सांगू का तुम्हाला? नाही गेलं. दोन दिवस विचार करून ठेवलं होतं. नाव पुसता येत नाही ना — मग ते इतक्या जणींना वाटून टाकायचं की शोधणाऱ्याला सापडू नये.

त्यानंतर मुलगी झालेल्या प्रत्येक बाईच्या खाटेजवळ मी ते नाव घेऊन उभी राहिले. काही जणी नाक मुरडायच्या. पण एका सराफाच्या घरी नातीला ते नाव ठेवलं, बारशाला अर्धा बाजार जेवला, आणि मग कुणाला समजवावं लागेना. बायका आपणहून म्हणायच्या, "ते सराफांच्या पोरीचं नाव काय हो, सिस्टर?" मला बारशाची बोलावणी यायची. खण-नारळ मिळायचा, पाळण्याजवळ पहिला मान. आणि ते मला आवडायचं. हेही सांगायलाच हवं. मला ते फार आवडायचं.

आठेक वर्षं अशीच गेली. शेवंता आली नाही. ती विसरली असेल असं मी धरून चालले.

ब्याण्णवच्या उन्हाळ्यात, दुपारी, ती आली. वाळलेली, डोळ्यांखाली काळं. धुळ्याच्या घरात तिला मूल झालं नव्हतं. मला म्हणाली, ती महिनाभर जळगावातल्या शाळा हिंडते आहे — फाटकाशी उभी राहून पोरींना विचारते, तुमच्यात अनेरी कोण? दर ठिकाणी कुणीतरी निघतेच. "इतल्या कश्या, ताई?" तिला खरंच कळत नव्हतं. माझ्याकडे ती इतक्या भाबडेपणानं बघत होती की मला टेबलावरच्या कापसाच्या घड्या घालायला लागावं लागलं.

आणि तेवढ्यात दारातून हाक आली, "मावशी!"

अक्काची अनेरी. चौथीची परीक्षा देऊन माझ्यासाठी डबा घेऊन आली होती. अगदी शेवंताच्या शेजारून आत आली — तिच्या पदराला या पोरीचं दप्तर घासलं. शेवंतानं मान वर करून पाहिलं. आपली पोर आईला ओळखू येते म्हणतात. मला विचाराल तर तसं काही नसतं. तिनं नुसतं चांगल्या मनानं विचारलं, "हिनं नाव काय शे?"

"वर्षा," मी म्हणाले. "माझी भाची."

अनेरीनं माझ्याकडे पाहिलं. मी तिचा खांदा दाबला, जोरात. ती डबा ठेवून गेली. घरी गेल्यावर तिनं विचारलं तेव्हा मी गंमत केली म्हणून सांगितलं.

शेवंता मात्र तिच्या मागे बघत राहिली नाही. तिचं चित्त दुसरीकडेच होतं. असोद्याच्या पलीकडच्या एका गावात तिला एक अनेरी दिसली होती, साधारण त्याच वयाची. रंग सावळा, कपाळ रुंद. तिची खात्री पटत आली होती. "तीच शे ना, ताई? फक्त हो म्हना. मी काही बोलाव नही तिले. दुरून देखसू."

ती मुलगी कुणाची, हे मला पक्कं ठाऊक होतं. तिची नाळ मीच कापली होती, तिच्या खऱ्या आईपासून. मी म्हणाले, "हो. तीच."

त्या क्षणी मला काय वाटलं माहितीये? सुटले, असं वाटलं.

त्यानंतर ती दर पंधरा दिवसांनी धुळ्याहून त्या गावात जायला लागली. शाळा सुटायच्या वेळी वडाखाली उभी राहायची. एकदा पोरीला रिबिनी दिल्या, एकदा बांगड्या. पोरीनं घरी सांगितलं. पोरीची आई घाबरली. तेव्हा तालुक्यात आवई उठली होती की पोरं पळवणारी टोळी फिरते आहे.

दिवाळीनंतर एके सकाळी पोरीचा बाप मोटारसायकलवर मला न्यायला आला. "सिस्टर, बसा मागे. एक बाई धरलीय पोरं पळवणारी. तुमचं नाव सांगते."

रस्ताभर तो बोलत होता. मला एक शब्द ऐकू येत नव्हता.

ग्रामपंचायतीपुढे ती जमिनीवर बसली होती. मारलं होतं तिला. डोईवर पदर नव्हता, एका पायात चप्पल नव्हती, ओठ फुटला होता. पन्नास-साठ माणसं भोवती. मला पाहिल्याबरोबर ती धडपडत उठली. म्हणाली, "या ताईले इचारा. ताईले बठ्ठं माहीत शे."

सगळे माझ्याकडे वळले. "सिस्टर, ओळखता का हिला?"

इथे मी बरीच वर्षं थांबत आले आहे. मनातल्या मनात सांगतानाही.

मला एवढंच म्हणता आलं असतं — ओळखते, आमच्या दवाखान्यातली जुनी बाई आहे, मूल नाही म्हणून पोरींचा लळा आहे, सोडा तिला. अक्काचं त्यात काही गेलं नसतं. अनेरीचं काही गेलं नसतं. आणि हे मला नंतर सुचलेलं नाही. तिथे उभी असतानाच सुचलं होतं, शब्दन् शब्द.

मी म्हणाले, "नाही. मी हिला कधी पाहिलेलं नाही."

शेवंता माझ्याकडे बघत राहिली. मग तिनं त्या पोरीच्या घराकडे एकदा पाहिलं आणि मान खाली घातली. "मनी चूक व्हयनी," असं म्हणून तिनं दोष आपल्यावर घेतला. तिला वाटलं असणार, की खरं बोललं तर या गावात त्या पोरीचा जन्म उघडा पडेल, म्हणून ताई गप्प आहे. आपणही गप्प बसावं. जी तिची नव्हतीच, तिच्यासाठी तिनं चोरटी म्हणवून घेतलं.

कुणीतरी तिला आणखी एक थोबाडीत दिली. दोन माणसांनी नेऊन तिला जळगावच्या गाडीत बसवलं, आणि पुन्हा दिसलीस तर बघ, म्हणून बजावलं. पोरीच्या बापानं माझे आभार मानले. घरी नेलं. त्यांच्या अनेरीनं मला चहा आणून दिला. मी प्यायले. पुन्हा घ्या म्हणाले, तो कपही घेतला.

शेवंता परत कधी आली नाही. ती आहे की नाही, मला माहीत नाही. अक्का गेली. आमची अनेरी नाशिकला असते, तिला दोन मुलं आहेत, दर रविवारी फोन करते. तिला मी काही सांगितलेलं नाही. सांगणारही नाही.

जळगावहून धुळ्याला सकाळपासून गाड्या असतात. अडीच तासांचा रस्ता आहे. मी कधी गेले नाही.