कमरेचा फाऊल

आमच्या शेजारी बास्केटबॉलचे एक पंच राहतात. बोलताना त्यांचे दोन्ही हात आपोआप वर जातात. "ब्लॉक झाला की लोक नुसता हात पाहतात," ते म्हणतात. "हात बॉलले लागला, ठीक आहे. पण आंग कोणाले लागलं?" हे ते भाजी घेतानाही सांगतात आणि भाजीवाली मान डोलावते.

मागे आम्हा अकोल्याच्या बायकांचा सामना अमरावतीत होता. ठरलेले पंच आलेच नाहीत. सोबत आलेल्या या शेजाऱ्यांची बायको, म्हणजे वहिनी, आमच्या संघात आहे हे माहीत असूनही अमरावतीच्या बायकांनी यांच्याच हाती शिट्टी दिली.

शेवटच्या क्षणी आम्ही एका गुणानं पुढे होतो. त्यांच्या कॅप्टननं शॉट मारला आणि वहिनींनी उडी घेऊन तो हवेतच अडवला. आम्ही नाचायला लागलो, तेवढ्यात शिट्टी वाजली.

"काहून जी? बॉललेच तं हात लागला!" वहिनी ओरडल्या.

"हात बरोबर आहे वो. कंबर तिले लागली."

सगळं मैदान हसलं. फाऊलबद्दल त्यांच्या कॅप्टनला मिळालेले दोन्ही फ्री थ्रो आत गेले आणि आम्ही हरलो.

परतीच्या एसटीत वहिनींनी शेजारच्या सीटवर पिशवी ठेवली. ते दांडा धरून उभे राहिले. रागावले मीही होते, पण त्यांना जागा द्यावीशी वाटली. मूर्तिजापूर गेल्यावर वहिनींनी पिशवी उचलली.

"बसा. पण आज सैपाक तुमीच करसान."

ते लगेच बसले. "झुनका करू का वांगे?"

वहिनी खिडकीकडे तोंड करून हसू दाबत राहिल्या.