टाळ्या वाजल्या की बैल निघायचा

बैल कोर्टाच्या मधोमध बसला.

टेनिसचा खेळ चालू होता. मुलींचा शेवटचा सामना. खुर्च्यांवर शहरातले सगळे मोठे लोक, उंच स्टुलावर पंच, आणि जाळीपासून हाताच्या अंतरावर आमचा पांढरा बैल पाय पोटाखाली घेऊन बसलेला. पायांत त्याच्या कातड्याचे बूट. मागे दोन दोरांनी बांधलेला लोखंडी रोलर. जाळीच्या एका बाजूला कलकत्त्याची मुलगी रॅकेट धरून उभी, दुसऱ्या बाजूला आपली नागपूरची. माझा नवरा कासरा ओढत होता. क्लबचे सेक्रेटरी साहेब कोर्टाच्या कडेने धावत ओरडत होते, "हटाओ इसको! अरे, हटाओ!" नवऱ्याने शेपटी पिळून पाहिली. बैलाने कान हलवले, बस्स.

मी आणि सासू मेंदीच्या कुंपणामागे उभ्या होतो. सासू एवढंच बोलली, "गेला वं बाई हा बाजारात."

खरंच होतं ते. त्या वर्षी क्लबात मोटारीचा रोलर आला होता. तो गोदामात ताडपत्रीखाली उभा होता. सेक्रेटरी साहेबांना तो स्पर्धेतच चालवायचा होता, पण क्लबचे म्हातारे प्रेसिडेंट म्हणाले, यंदा बैलच राहू द्या, स्पर्धा झाली की ठरवू. सेक्रेटरी साहेब नवऱ्याला येऊन सांगून गेले, "एक भी गडबड हुई, तो बैल बाजार में." ही गडबड लहान नव्हती.

हे झालं कसं, ते सांगायला मागे जावं लागेल.

स्पर्धा कोणी सुरू केली ते मला माहीत नाही. सासरे म्हणायचे, गोऱ्या साहेबांनी. आपल्याच बापाने तिथली पहिली हरळी लावली होती, असंही म्हणायचे. दर थंडीत, संक्रांतीच्या मागेपुढे, कलकत्ता, हैदराबाद, अलाहाबाद अशा ठिकाणांहून खेळणारे यायचे. नागपूर मधोमध, म्हणून सगळ्यांना सोयीचं. क्लबच्या मागे माळ्यांचे क्वार्टर होते. सासरे तिथे माळी होते, ते गेल्यावर माझा नवरा.

मी लग्न होऊन आले तेव्हा मला ते सगळं बिनडोकपणाचं वाटलं. माझं माहेर रामटेककडचं, धानाचं. गवत उपटायचं मला माहीत होतं, वाढवायचं नाही. इथे पावसाळाभर आम्ही बाया ओळीने उकिडव्या बसून खुरप्याने निंदायचो. शेतात निंदतात तसंच, फक्त इथे पीकही गवत आणि तणही गवत. पहिल्या दिवशी मी सासूला विचारलं, "माय, हे कोण खाते?"

"कोणीच नाही खात," ती म्हणाली. "याच्यावर उड्या मारते."

सासू जाडजूड होती, तोंडाने फटकळ, आणि तिचा जीव त्या बैलावर होता. सगळ्यांना ते ठाऊक होतं. सासऱ्यांपेक्षा बैलाशी जास्त बोलायची. बैलाच्या खुराने गवतात खड्डे पडू नयेत म्हणून त्याला बूट घालत. जाड कातड्याचे, आत गोणपाट, वरून नाडी. कामठीचा एक चांभार दर वर्षी मापाने शिवून द्यायचा. आमच्यात कोणाच्याच पायात धड चप्पल नव्हती. सासू बूट बांधता बांधता बैलाला म्हणायची, "माह्या नवऱ्यानं जन्मात एक जोडा नाही घातला, अन तुले दोन-दोन जोड. साहेब हायेस गा तू." बैल पाय उचलून द्यायचा. एकेक, आपणहून.

स्पर्धेच्या दिवसांत एक सामना संपला की दुसरा सुरू व्हायच्या आत कोर्टावर एकदा रोलर फिरवावा लागे. वेळ थोडा असायचा. म्हणून बैल जुंपलेलाच ठेवत, कडेच्या जांभळाखाली. तिथे उभं राहून राहून तो एक गोष्ट आपली आपण शिकला. खेळ चालू असताना ते लोक टाळ्या वाजवायचे त्या कशा, तर बोटांनी. पत्र्यावर थेंब पडावे तशा. सामना संपला की मात्र उभे राहून जोरात वाजवायचे. तसा आवाज आला की आपलं काम आलं, हे बैलाला कळलं होतं. नवऱ्याने कासरा हलवायच्या आधीच तो पाऊल टाकायचा. ह्या टोकापासून जाळीपर्यंत, तिथून वळून परत, मग शेजारचा पट्टा. सगळे पट्टे पुरे झाल्याशिवाय थांबायचा नाही. मध्येच कोणी थांबवलं तर खाली बसायचा. हा त्याचा हट्ट.

आता ती नागपूरची मुलगी. ती एका शाळामास्तराची लेक. सकाळी सायकलवर सरावाला यायची आणि सराव झाला की आमच्या दारात येऊन पाणी मागायची. पाणी मागता मागता भाकर खायला लागली. सासूला आजी म्हणायची. बैलाला गूळ द्यायची. काळीसावळी, हाडकुळी, पळायला हरणासारखी. ती शेवटच्या सामन्यापर्यंत पोचली तेव्हा क्वार्टरमधली सगळी माणसं कुंपणापाशी जमली. धोबी, स्वयंपाकी, चौकीदार, आम्ही बाया. याआधी आम्ही सामना पाहायला म्हणून कधी उभे राहिलो नव्हतो. आम्हाला कोणी हाकललंही नाही.

आम्हाला खेळातलं काही कळत नव्हतं. पण चेंडू तिकडच्या पोरीच्या हातून सुटला की आपला फायदा, एवढं कळलं. पहिला भाग आपली पोरगी हरली. दुसऱ्यात बराबरीला आली. मग एक चेंडू असा चालला, इकडून तिकडे, तिकडून इकडे, की माझी मान दुखली. शेवटी आपल्या पोरीने तो असा हाणला की चुन्याच्या रेघेवरचा चुना उडाला.

कुंपणामागे आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बोटांनी नाही. आमच्या तशाच टाळ्या, भजनातल्या. आम्हाला दुसऱ्या येतच नाहीत.

आणि बैल निघाला.

सासूने पाहिलं ते बैलाला नाही, पोराला. कासरा सोडून माझा नवरा टाळ्या वाजवत होता. दोन्ही हात डोक्यावर नेऊन.

"अबे, कासरा काहून सोडला?" सासू ओरडली.

"एका हातानं टाळी वाजते का वं माय?" त्याने वळून विचारलं. मग त्याचं लक्ष गेलं. तोवर बैल मागच्या रेघेवरून आत शिरला होता आणि रोलर घेऊन पहिला पट्टा सरळ धरून चालला होता. नवरा धावला, जाळीजवळ त्याने कासरा पकडून खेचला. काम मध्येच थांबवलं. बैल बसला.

तर असं झालं होतं.

सासूने माझ्या हातात तिची पिशवी दिली, पदर कमरेला खोचला आणि कुंपणाच्या फटीतून आत गेली. स्पर्धा चालू असताना आमच्यातली बाई कोर्टावर जात नसे. ती गेली. अनवाणी, सगळ्या खुर्च्यांच्या समोरून. पंच स्टुलावरून काहीतरी बोलले, तिने तिकडे पाहिलंसुद्धा नाही. सेक्रेटरी साहेब आडवे आले तर म्हणाली, "सरका गा साहेब, लेकराशी बोलू द्या."

आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे हळद-तुपाने चोळतात आणि त्याला जेवणाचं बोलावणं देतात. पोळ्याला अजून कितीतरी महिने होते. पण सासूने मनात धरलं होतं की पोळ्यापर्यंत हा आपल्याकडे राहत नाही. म्हणून ती गवतात खाली बसली, कोरड्याच हातांनी त्याचा खांदा चोळायला लागली, आणि मोठ्याने म्हणाली, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

बैल उठला.

मला त्यात चमत्कार वगैरे काही वाटला नाही. दर वर्षी हे वाक्य झालं की त्याला गुळाचा खडा मिळायचा. तो गुळासाठी उठला. सासूच्या हातात गूळ नव्हता. ती नुसती बसून रडत होती, आणि तो तिच्या पदराला तोंड लावून गूळ शोधत होता.

पहिल्यांदा हसली ती कलकत्त्याची मुलगी. ती हसता हसता गवतावरच बसली. मग आपली हसली, मग प्रेसिडेंट साहेब, आणि मग खुर्च्यांवरचे सगळे लोक उभे राहिले आणि त्यांनी जोरात टाळ्या वाजवल्या.

बैल पुन्हा कामाला लागला.

आता त्याला अडवायची कोणाची छाती नव्हती. अडवला तर परत बसेल. सेक्रेटरी साहेब दोन्ही हात हवेत हलवून सांगत होते, "ताली मत बजाइए! प्लीज, ताली मत बजाइए!" बैलाने जाळीच्या अलीकडचे सगळे पट्टे पुरे केले. मग नवऱ्याने त्याला बाहेरून फिरवून पलीकडे नेलं, कारण अर्धंच कोर्ट रोलर फिरवलेलं असलं तर कलकत्त्याची मुलगी तक्रार करेल, असं पंच म्हणाले. सासू बैलाबरोबर चालत होती. दोन्ही मुली बाजूला उभ्या राहून बैलाकडे बोट दाखवत काहीतरी बोलत होत्या. एकीला मराठी येत नव्हती, दुसरीला बंगाली. दोघींचं चांगलं जमलं.

बूट होते म्हणून गवताला एक ओरखडा नव्हता.

उरलेला सामना अगदी शांततेत झाला. बैल जांभळाखाली कान टवकारून उभा, आणि सगळे लोक हात मांडीखाली दाबून बसलेले. आपली पोरगी हरली. ही हकीकत मी कोणाला सांगते तेव्हा त्यांना वाटतं ती जिंकली असणार. नाही. दुसरी चांगली खेळली.

बक्षीस देताना गंमत झाली. टाळ्या वाजवायच्या नाहीत, मग करायचं काय? प्रेसिडेंट साहेबांनी खिशातला रुमाल काढून हलवला. मग सगळ्यांनी रुमाल काढले. ज्या बायांकडे रुमाल नव्हते त्यांनी पदर हलवले. आम्हीही हलवले. आवाज काही नाही, आणि सगळीकडे कापडं उडताहेत. मी लग्नं पाहिली, जत्रा पाहिल्या, पण एवढी हसले ती त्याच दिवशी. पोट धरून खाली बसले.

बक्षीस द्यायला एक पाहुणे दिल्लीहून आले होते. कप देऊन झाल्यावर त्यांनी सगळ्यांसमोर सेक्रेटरी साहेबांना विचारलं, "अगले साल भी यह रहेगा ना?"

त्यांनी बोट बैलाकडे केलं होतं. सेक्रेटरी साहेब बैलाकडे पाहत राहिले. सासू पदर तोंडाला लावून उभी होती. सगळे लोक हातात रुमाल घेऊन थांबलेले.

"जी. रहेगा," ते म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

घरी आल्यावर मी म्हटलं, आता झोपू. सासू म्हणाली, "झोपू कायची? डाळ भिजव."

"काहून?"

"आवतन दिलं नं म्या त्याले! उद्या जेवाले ये म्हटलं. खोटं पाडते का मले?"

बोलावणं दिलं तर जेवू घालावंच लागतं, बैल असला तरी. दुसऱ्या दिवशी भर थंडीत पोळा झाला. बैलाच्या शिंगांना बेगड लावली, गळ्यात घुंगरं बांधली, आणि सगळ्या क्वार्टरमध्ये पुरणपोळ्या झाल्या. मास्तराची पोरगी आली, तिने कलकत्त्याच्या मुलीलाही ओढून आणलं. त्या पाहुणीने पुरणपोळी हाताने खाल्ली आणि तुपाने हात कोपरापर्यंत भरवला. प्रेसिडेंट साहेब आले, त्यांना आम्ही बाजेवर बसवलं. सेक्रेटरी साहेब आले नाहीत. सासूने त्यांच्या घरी डबा पाठवला. डबा धुऊन परत आला, म्हणजे खाल्लं.

पुढे ती रीतच पडली. जोवर स्पर्धा होती तोवर शेवटच्या सामन्याच्या दुसऱ्या दिवशी क्वार्टरमध्ये पुरणपोळी व्हायची आणि खेळणारे जेवायला यायचे. परगावच्या पोरांना जेवण आधी आठवायचं, कप नंतर.

मग स्पर्धा बंद पडली. कोणी मुद्दाम पाडली नाही. गवताला पाणी फार लागे आणि क्लबची विहीर उन्हाळ्यात आटायला लागली. बाहेरच्या पोरांना गवतावर खेळायची सवय राहिली नाही, ते सिमेंटचं कोर्ट मागायला लागले. एका थंडीत खूप कमी लोक आले. त्याच्या पुढच्या थंडीत कोणाला बोलावलंच नाही. नंतर सिमेंट ओतलं, आणि आता त्या सिमेंटवर गाड्या उभ्या असतात. मी एकदा जाऊन पाहिलं. वाईट वाटलं नाही. गाड्यांना निंदावं लागत नाही.

मोटारीचा रोलर ताडपत्रीखालीच गंजला. बैल म्हातारा झाला होता. क्लबने त्याला असाच देऊन टाकला, आणि आम्ही त्याला माझ्या माहेरी पाठवला. तिथे तो काही काम न करता धानाच्या बांधावर चरला. सासू महिन्या-दोन महिन्यांनी रामटेकची एसटी पकडून त्याला भेटून यायची. मला म्हणायची, देवाला जाते. परत आली की लुगड्याला शेण लागलेलं असायचं. माझ्या भावाच्या घरी लग्न निघालं, बँड आला, लोकांनी टाळ्या वाजवल्या, तर तो बांधावरून उठून मांडवात आला. मागे रोलर नव्हता तरी सरळ पट्टा धरून आला, नवरदेवापर्यंत. लोकांना वाटलं शुभ आहे.

मास्तराची पोरगी आता स्वतः आजी झाली आहे. गुडघे गेलेत तिचे. मनीषनगरला माझ्या मुलाकडे मला भेटायला येते आणि दोन पुरणपोळ्या खाऊन जाते. कलकत्त्याची तिला फोन करते. आधी बैलाचीच गोष्ट काढते, मग दुखण्यांची.

स्पर्धा बंद पडली त्यानंतर बैल कितीतरी वर्षं जगला. सासू त्याच्यानंतर गेली, नवरा सासूनंतर. त्या दिवशी कोर्टावर आणि कुंपणापाशी जे होते, त्यांच्यातल्या मला ठाऊक असलेल्या आम्ही तिघी जिवंत आहोत. जिंकली ती, हरली ती, आणि मी.