चौथा बोल्ट

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी पेणला, गणपतीच्या कारखान्यात, मूर्तीच्या पितांबराला पिवळा रंग देत होते. वहिनीला बोलवेना. रोह्याच्या शेजारणीने सांगितलं, शिफ्टवरच छातीत कळ आली आणि सगळं संपलं. माझ्या मनात पहिलं काय यावं? शेडमधल्या व्हाइसचं आता काय होणार... स्वतःचाच राग आला.

आमच्या घरामागे बाबांची लोखंडकामाची शेड होती. बाकावरचा तो व्हाइस काम करताना लोखंड जबड्यात घट्ट धरून ठेवायचा. बाबा गेले, शेड बंद पडली आणि खाडीच्या दमट हवेने व्हाइस गंजून जाम झाला. दादा रोह्याच्या एका कंपनीत फिटर, बिऱ्हाड तिथल्याच अष्टमी गावात. नोकरी त्याला कधी मानवलीच नाही. "गेटातून आत शिरलो की जीव गुदमरतो गो," म्हणायचा. व्हाइस चालू झाला की राजीनामा द्यायचा आणि बाबांची शेड उघडायची, असं त्याने घरात जाहीर करून टाकलं होतं. दर सुट्टीला तो पेणला येऊन शेडमध्ये बसायचा. आतला जाम स्क्रू काढायला मागच्या प्लेटचे चार बोल्ट सोडावे लागणार होते. तीन निघाले. चौथ्याचं डोकंच तुटलं आणि उरलेला बोल्ट आत रुतून बसला. त्याने डिझेल मुरवलं, गॅसने तापवलं, हलके ठोके दिले, शेवटी पाना लावता यावा म्हणून तुटक्या टोकावर एक नट वेल्ड केला. मी पडले तापट. "अरे, लाव की जोर!" म्हणून ओरडायचे. "नाय गो, आधी जरासा आवळायचा, मग सोडायचा. जबरदस्ती केली तर आतच मोडंल," तो शांतपणे सांगायचा.

अशी वर्षं गेली. भाचीचं शिक्षण झालं, लग्न झालं, दादाचे केस पिकले. "सुटला का रे?" मी विचारायचे. "नाय गो, अजून नडतोय." शेवटी शेवटी तर पाना हातात घेतला की तो मला चहाला पिटाळायचा. मी चहा घेऊन येईपर्यंत याचे हात पुसून झालेले असायचे.

कार्य आटोपल्यावर वहिनी म्हणाली, "त्या एका बोल्टापायी माणूस अडकून राह्यला माझा. मी कवाची तयार होते पेणला यायला. तू एकदा बघ गो, सुटतो काय."

मागच्या आठवड्यात शेड उघडली. नटावर पाना ठेवला, त्याने शिकवल्याप्रमाणे आधी आवळायला गेले... आणि बोल्ट सहज फिरला. पाना बाजूला ठेवला. दोन बोटांनी फिरवत अख्खा बोल्ट बाहेर काढला. आटे घासून लख्ख केलेले, वर ताजं ग्रीस. प्लेट काढली तर आतला स्क्रूही साफ, लोण्यासारखा फिरणारा. म्हणजे व्हाइस केव्हाच चालू झाला होता. दादा सुट्टीच्या सुट्टीला येऊन तोच बोल्ट काढत होता, पुसत होता आणि परत बसवून शिफ्टला जात होता. मला इतका राग आला त्याचा, आणि मग इतकं रडू आलं. एवढी कसली भीती वाटली रे तुला? मला तरी सांगायचंस.

मी प्लेट लावली, चौथा बोल्ट होता तसा आवळला. संध्याकाळी वहिनीचा फोन आला.

"सुटला काय गो?"

"नाय वहिनी," मी म्हणाले, "अजून नडतोय."